नागपूरहून नॅशव्हिलला : एका विद्यानगरीतील सत्याग्रहाची कथा

आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दीग्रंथात अमेरिकेतील एका शहराची हकीकत कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आरंभीच देतो. या हकीकतीतील एक महत्त्वाचा क्षण नागपुरात, एका वर्तमानपत्राच्या पानावर घडला. ज्या संस्थेने आम्हां इंदूरच्या मराठी मंडळींना पिढ्यान्‌पिढ्या वर्तमानपत्र वाचण्याची सवय लावली, तिच्या गौरवग्रंथात ही कथा परकी वाटू नये. दुसरे कारण माझ्या व्यवसायाचे आहे. गेली पंचवीस वर्षे मी महाविद्यालयात शिकवीत आहे. विद्यार्थ्यांची आंदोलने जवळून पाहिली, काहींची घोषणा वर्गात बसून ऐकली, आणि दोन दिवसांत ती विरून गेल्याचेही पाहिले. काही आंदोलने टिकतात आणि काही विरतात, असे का होते, याचा विचार करताना मला नॅशव्हिलची आठवण वारंवार होते.

जेम्स लॉसन यांचा जन्म १९२८ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात एका कृष्णवर्णीय मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी झाला. बालपण ओहायो राज्यात गेले. लहानपणी एका गौरवर्णीय मुलाने वर्णावरून शिवी दिली तेव्हा त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली आणि घरी येऊन आईला अभिमानाने ती हकीकत सांगितली. आईने शांतपणे विचारले, की त्यातून काय साधले? हा प्रश्न आयुष्यभर आपल्या सोबत राहिला, असे ते पुढे सांगत. कोरियाच्या युद्धाच्या काळात सक्तीच्या सैन्यभरतीस त्यांनी सद्‌सद्विवेकबुद्धीला स्मरून नकार दिला आणि १९५१ साली तुरुंगवास पत्करला. तेरा महिन्यांनी सुटका झाल्यावर, १९५३ मध्ये, मेथडिस्ट मिशनच्या वतीने ते भारतात आले. त्यांची नेमणूक झाली नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात.

१८८३ साली स्थापन झालेले हे कॉलेज तेव्हाही नागपूरच्या जुन्या आणि नामवंत विद्यालयांपैकी एक होते. नागपूर ही त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. आपले इंदूर तर मध्यभारतात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने नकाशा बदलला, पण लॉसन यांचे नागपुरातील वास्तव्य त्या जुन्या नकाशातील आहे. ते विद्यार्थ्यांना खेळांचे शिक्षण देत आणि त्यांच्यात मिसळत. गांधीजींच्या निधनाला जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. सत्याग्रह हा ज्यांनी केवळ वाचला नव्हता, तर केला होता, अशी माणसे त्या काळच्या नागपुरात घरोघरी होती. वर्धा आणि सेवाग्राम तर हाकेच्या अंतरावर. या वातावरणात त्यांनी गांधीविचाराचा कसून अभ्यास केला.

डिसेंबर १९५५ मध्ये ‘नागपूर टाइम्स’ या दैनिकात त्यांनी एक बातमी वाचली. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार टाकला असून मार्टिन ल्यूथर किंग या नावाचा तरुण धर्मोपदेशक त्यांचा पुढारी आहे, अशी ती बातमी. आपण ज्याची वाट पाहत होतो ते घडू लागले आहे, असे वाटून लॉसन यांना आनंद आवरेना. ज्या शस्त्राचा अभ्यास करण्यासाठी ते सातासमुद्रापलीकडे आले होते, ते शस्त्र त्यांच्याच बांधवांनी मायभूमीत हाती घेतले होते.

१९५६ साली ते स्वदेशी परतले आणि ओहायोतील ओबर्लिन कॉलेजात धर्मशास्त्राचे अध्ययन करू लागले. फेब्रुवारी १९५७ मध्ये किंग तेथे व्याख्यानासाठी आले. दोघांचेही वय अठ्ठावीस. आपण शिक्षण पुरे करून केव्हातरी दक्षिणेत काम करू इच्छितो, असे लॉसन म्हणाले. तेव्हा किंग यांनी विलंब न लावता आत्ताच येण्याचा आग्रह केला, कारण अहिंसेचा असा अनुभव असलेला दुसरा कोणी तेथे नव्हता. लॉसन यांनी तो मानला. एका शांततावादी संस्थेचे कार्यकर्ते म्हणून ते टेनेसी राज्याच्या राजधानीत, नॅशव्हिलला गेले आणि १९५८ साली तेथील व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात दाखल झाले.

नॅशव्हिलला ‘दक्षिणेचे अथेन्स’ म्हणतात. तेथील उद्यानात ग्रीकांच्या पार्थेनॉन मंदिराची मूळ आकाराची प्रतिकृती उभी आहे. गौरवर्णीयांचे व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठ, आणि कृष्णवर्णीयांसाठी १८६६ साली स्थापन झालेले फिस्क, तसेच मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालय, टेनेसीचे शासकीय महाविद्यालय, बॅप्टिस्ट धर्मविद्यालय, अशी कितीतरी विद्यापीठे एकाच शहरात. परंतु या विद्यानगरीच्या मुख्य बाजारपेठेतील मोठ्या दुकानांत रीत अशी होती, की कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाने वह्या, कपडे, साबण हवे तेवढे विकत घ्यावेत. पण त्याच दुकानातील उपाहाराच्या काउंटरवर बसून कपभर कॉफी पिण्याची त्याला मनाई. त्याचा पैसा दुकानाला चाले, त्याचे शेजारी बसणे चालत नसे. मराठी वाचकाला येथे महाडचे चवदार तळे आठवल्याशिवाय राहणार नाही. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता, नॅशव्हिलमध्येही तो भुकेचा नव्हता. दोन्हीकडे प्रश्न माणूस म्हणून ओळख मिळण्याचा होता.

आता या कथेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. लॉसन यांनी मोर्चा काढला नाही, सभा भरवली नाही. १९५९ च्या शरद ऋतूपासून एका चर्चच्या तळघरात त्यांनी मंगळवारी सायंकाळी विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. गांधीविचार, बायबल, अहिंसेचा इतिहास, असा तो अभ्यासक्रम. पाठोपाठ प्रात्यक्षिक. काही विद्यार्थी गुंडांची भूमिका घेत. ते शिव्या देत, केस ओढत, सिगारेटचा धूर तोंडावर सोडत, खुर्चीवरून खाली ढकलत. उरलेल्यांनी न चिडता, न पळता, पडल्यावर डोके कसे सांभाळावे आणि मारणाऱ्याच्या डोळ्यांना डोळे कसे भिडवावेत, याचा सराव करायचा. फिस्कची डायॅन नॅश, बॅप्टिस्ट धर्मविद्यालयातील जॉन लुईस, बर्नार्ड लाफाएत व जेम्स बेव्हल हे याच वर्गातले विद्यार्थी. यांपैकी डायॅन नॅश हिला आरंभी अहिंसेविषयी शंकाच होती, आणि पुढे तीच या लढ्याची प्रमुख झाली. शंका घेऊन वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याला कमी लेखू नये, हे आम्हा शिक्षकांनी येथून शिकण्यासारखे आहे.

नोव्हेंबर-डिसेंबर १९५९ मध्ये दोन दुकानांत चाचणी म्हणून छोट्या तुकड्या जाऊन आल्या. नाताळच्या सुट्टीनंतर पुढची पावले टाकायची होती. तोच १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थी काउंटरवर जाऊन बसले आणि देशभर वणवा पेटला. नॅशव्हिलची तयारी पूर्ण होती. १३ फेब्रुवारीच्या शनिवारी, रस्त्यावर बर्फ साचलेले असताना, शंभराहून अधिक विद्यार्थी उत्तम पोशाख करून, पुस्तके हातात घेऊन तीन दुकानांत गेले, किरकोळ खरेदी केली आणि काउंटरवर बसून राहिले. कोणी वाढले नाही. ते वाचत बसले. लुईस आणि लाफाएत यांनी पुढे आचारनियमांची एक यादीही तयार केली. परत मारू नये, शिवी देऊ नये, नेहमी काउंटरकडे तोंड करून ताठ बसावे, अशा स्वरूपाचे ते नियम होते.

२७ फेब्रुवारीला गुंडांनी विद्यार्थ्यांना मारहाण केली. जळत्या सिगारेटी अंगाला टेकवल्या. पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून मार खाणाऱ्या सुमारे ऐंशी जणांना अटक केली. एक तुकडी नेली की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसे. न्यायालयाने दंड ठोठावला, तो न भरता अनेकांनी तुरुंग पत्करला. इकडे मार्चच्या आरंभी व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांचे नाव पटावरून काढून टाकले. ज्या धर्मशास्त्राचे ते विद्यार्थी होते ते आचरणात आणल्याबद्दलची ही शिक्षा! विभागाच्या बहुसंख्य प्राध्यापकांनी निषेधार्थ राजीनामे दिले. प्राध्यापकांचा हा अध्याय आम्ही शिक्षकांनी विसरू नये.

दरम्यान शहरातील कृष्णवर्णीय गृहिणींनी ईस्टरच्या खरेदीवर बहिष्कार टाकला. बाजारपेठ ओस पडली. विद्यार्थ्यांचे बसणे दुकानदारांना सहन झाले असते, पण गल्ल्यातला खडखडाट होईना. १९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. लूबी पतिपत्नी सुदैवाने बचावली. शेजारच्या मेहॅरी महाविद्यालयाच्या अनेक काचा फुटल्या. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्दही न बोलता नगरभवनापर्यंत चालत गेले. पायऱ्यांवर महापौर बेन वेस्ट भेटले. आरंभी तक्रारी आणि खुलासे झाले, त्यातून काही निघेना. तेव्हा एकवीस वर्षांच्या डायॅन नॅशने साधा प्रश्न केला : केवळ वर्णावरून माणसामाणसांत भेद करणे चूक आहे, असे तुम्हांला एक माणूस म्हणून वाटते की नाही? महापौरांनी, हो, चूक आहे, असे सांगितले. आईने लॉसनना विचारलेल्या प्रश्नाची जात हीच.

१० मे १९६० रोजी सहा दुकानांचे काउंटर कृष्णवर्णीयांना खुले झाले. त्या दिवशी मिरवणूक निघाली नाही. ठरल्याप्रमाणे मोजके गिऱ्हाईक आले, खाऊन-पिऊन शांतपणे निघून गेले. दुकानदारांची अब्रू जाऊ नये, याची काळजी जिंकणाऱ्यांनीच घेतली होती. मला हा क्षण साऱ्या लढ्यात थोर वाटतो.

एका विजयाने प्रश्न सुटला, असे मात्र नव्हे. चित्रपटगृहे, उपाहारगृहे, नोकऱ्या यांसाठी पुढे झगडावे लागले, आणि देशव्यापी कायदा १९६४ साली झाला. परंतु याच तळघरातून आलेल्या तरुणांनी १९६१ मध्ये खंडित होऊ लागलेली स्वातंत्र्य-बसयात्रा जिवावर उदार होऊन पुढे नेली. जॉन लुईस तर अमेरिकेच्या लोकसभागृहाचे सदस्य झाले. व्हॅन्डरबिल्टने कालांतराने आपली चूक मान्य केली. ज्या विद्यार्थ्याला हाकलले त्याला २००६ साली अभ्यागत प्राध्यापक म्हणून सन्मानाने बोलावले. ९ जून २०२४ रोजी, पंच्याण्णव वर्षांचे होऊन लॉसन निवर्तले.

शेवटी एक गोष्ट. नॅशव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयात आज नागरी हक्कांचा एक स्वतंत्र कक्ष आहे. तेथे उपाहाराच्या काउंटरसारखे बाक असून त्यावर विद्यार्थ्यांचे ते आचारनियम कोरलेले आहेत. खिडकीतून तेच रस्ते दिसतात, जेथे हा लढा झाला. ज्या काउंटरवर बसल्याबद्दल एकेकाळी अटक होई, त्याच्या आठवणीपाशी आता कोणीही पुस्तक घेऊन बसावे. ग्रंथालयाचे काम तरी याहून वेगळे काय असते? आपल्या वाचनालयात एखादा तरुण आज एखादी दूरदेशीची बातमी वाचीत असेल. ती त्याला कोठे नेईल, हे आपण सांगू शकत नाही. ती त्याच्या हाती पडेल एवढी व्यवस्था मात्र आपण शंभर वर्षे राखली आहे, आणि पुढेही राखू.