शकुंतलेचे मालक आणि चालक

आपले काम ठरावीक मोबदल्यात दुसऱ्या संस्थेकडून करवून घेणे ही आज व्यापारातील नित्याची रीत झाली आहे. परंतु ती नवी मात्र नव्हे. यवतमाळ जिल्ह्याने ती रुळांवर चालताना पाहिली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला धाडण्यासाठी किलिक-निक्सन या इंग्रज पेढीने यवतमाळ, मूर्तिजापूर व अचलपूर यांना जोडणारा अडीच फुटी लोहमार्ग उभारला. पुढे लोकांनी ‘शकुंतला’ म्हटली ती हीच गाडी. मार्गाची मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. गाड्या मात्र चालवी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे सरकारी झाल्या, तरी हा मार्ग कंपनीकडेच राहिला आणि मध्य रेल्वे त्याची चालक झाली.

येथे काम करणारी माणसे उणी नव्हती. मोजक्या माणसांनीच तिकिटे विकावी, सिग्नल सांभाळावे, इंजिन जोडावे-सोडावे, असा त्यांचा दिनक्रम असे. १९२१ साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन त्यांनी १९९४ पर्यंत चालते ठेवले. पण कामगाराचे कौशल्य झिजलेल्या रुळांना नवेपण कसे देणार? मार्ग सुधारावयाचा, तर खर्च कोणी करावयाचा? मालकाने की चालकाने? जेथे लाभ एकाचा आणि राबणूक दुसऱ्याची, तेथे उद्याची चिंता कोणाचीच राहत नाही.

याच कापसाच्या मुलखात याच्या उलट उदाहरणही आहे. १८७७ साली नागपुरात जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा कामगारांची गैरहजेरी ही मोठी अडचण होती. टाटा व त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी दंडावर भिस्त न ठेवता बक्षिसे दिली, गिरणीत हवा खेळती व दमट ठेवण्याची यंत्रे बसविली, आणि १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी उभारला. गिरणी भरभराटली. ज्याचा नफा, त्याचीच तेथे काळजीही होती.

यवतमाळ-मूर्तिजापूर या ११३ किलोमीटरांवर शकुंतला आता धावत नाही. गरीब प्रवाशांची स्वस्त सोय तिच्याबरोबर गेली. तेव्हा काम दुसऱ्याच्या हाती सोपविणाऱ्याने करारात मोबदल्याआधी एक कलम लिहावे: देखभाल कोणाची?