नामंजुरीची कारणे



शिक्षण-परिषदेकडे आलेले संशोधनाचे प्रस्ताव कसे तपासावेत, या विषयावर बोलावयास युनियनचा माणूस कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. माझे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतील कपाटासमोर आणि लोकलच्या प्रवासात. परंतु एक काम मी तीस वर्षे केले आहे. कामगारावर आरोपपत्र आले, चौकशी लागली, की त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्याची बाजू मांडावयाची, हे ते काम. कागदाच्या एका तुकड्यावर माणसाचे भवितव्य कसे ठरते, आणि तो कागद लिहिणाऱ्याला त्याचे किती थोडे वाटते, हे मी पुष्कळ पाहिले आहे. प्रस्ताव तपासणे हेही एक न्यायदानच आहे. त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासातले एक दुःखद पान आपल्या मुंबईशी जोडलेले आहे.

लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग याने 1665 साली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. काय छापावयाचे ते मुख्यतः तोच ठरवी. 1752 साली सोसायटीने हे नियतकालिक आपल्या ताब्यात घेतले आणि निबंधांच्या निवडीसाठी समिती नेमली. ही समिती गुप्त मतदानाने निर्णय देई. एका माणसाच्या मर्जीच्या जागी अनेकांचे मत आले, ही सुधारणा खरी. पण गुप्त मतपेटीतून ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच बाहेर पडते, कारण बाहेर पडत नाही.

कारण लिहून देण्याची कल्पना पुढे आली ती 1831 साली. केंब्रिजचे विल्यम व्ह्यूएल यांनी सुचविले की, निबंधांवर जाणत्यांनी लेखी अहवाल द्यावा आणि तो छापावा. पहिला निबंध आला ज्योतिर्विद जॉर्ज एअरी यांचा, पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतीतील एका सूक्ष्म विषमतेवरचा. परीक्षक होते स्वतः व्ह्यूएल आणि जॉन विल्यम लबक. दोघांचे जमेना. व्ह्यूएल यांचे म्हणणे, निबंधाचे महत्त्व जगाला समजावून सांगावे. लबक यांचे म्हणणे, त्यातील दोष दाखवावेत. परीक्षकाने गुण सांगावेत की दोष, हा वाद पहिल्याच दिवशी उभा राहिला, आणि तो अजून मिटलेला नाही! अखेर 1832 साली दोघांच्या सह्यांनिशी एक अहवाल छापला गेला. पुढे मात्र थोड्याच काळात हे अहवाल खाजगी झाले. परीक्षकाचे नाव झाकले गेले आणि त्याचे शब्द कपाटात गेले.

आता मुंबईकडे वळू. जॉन जेम्स वॉटर्स्टन हा एडिंबरोचा माणूस. 1839 पासून तो मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांना शिकवीत होता. नाव नाही, पद नाही, पाठीशी विद्यापीठ नाही. असा हा मास्तर मोकळ्या वेळात वायूंच्या स्वरूपाचा विचार करी. 1845 साली त्याने आपला निबंध रॉयल सोसायटीकडे पाठविला. त्याचे सांगणे असे होते की, वायू म्हणजे वेगाने धावणाऱ्या, एकमेकांवर आदळणाऱ्या असंख्य रेणूंचा समुदाय. भांड्याच्या भिंतीवर त्यांचे जे आघात होतात तोच वायूचा दाब. आणि त्यांच्या वेगाचा वर्ग हेच उष्णतामानाचे माप. दोन वायू एकत्र असले तर जड रेणू मंद चालतो आणि हलका रेणू जलद, आणि दोघांच्या गतीची शक्ती सरासरीने सारखीच भरते, हेही त्याने मांडले.

निबंध दोन परीक्षकांकडे गेला. ऑक्सफर्डचे प्राध्यापक बेडन पॉवेल यांना मूळ गृहीतच पटले नाही. पण आपला आक्षेप कोठे आहे एवढे तरी त्यांनी लिहिले. दुसऱ्याने एका वाक्यात निकाल दिला: हा निबंध शुद्ध मूर्खपणा असून सोसायटीपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही. हा दुसरा परीक्षक कोण? तेच जॉन लबक! 1832 साली सही करून अहवाल छापावयाचा होता तेव्हा एअरींच्या गणितातील दोष शोधण्यासाठी त्यांनी कागद काळे केले. या वेळी सही झाकलेली होती आणि समोर कोणी नामांकित ज्योतिर्विद नव्हता, समुद्रापलीकडचा एक मास्तर होता. माणूस तोच, विद्वत्ता तीच. लबक यांच्या मनात काय होते ते मी जाणत नाही, पण कारण सांगण्याचे बंधन नसले की चांगला माणूसही किती आळसाने न्याय करतो, याचा धडा मी यातून घेतो.

निबंधाचा छोटा गोषवारा 1846 साली छापला गेला. मूळ निबंध सोसायटीच्या दप्तरातच राहिला. एकदा वाचला गेलेला निबंध परत न देण्याचा तेथे नियम होता, आणि वॉटर्स्टनने नक्कल ठेवलेली नव्हती. पुढे 1857 साली क्लाउसियस यांनी, 1860 साली मॅक्सवेल यांनी याच दिशेने काम केले आणि जगाने ते मानले. 18 जून 1883 रोजी वॉटर्स्टन एडिंबरोतील घरातून बाहेर पडला तो परतलाच नाही. 1891 साली लॉर्ड रॅले यांना, वॉटर्स्टनच्याच एका जुन्या लेखातील उल्लेखावरून, तो निबंध दप्तरात सापडला. 1892 साली तो छापला गेला. या दुर्लक्षामुळे विषयाची वाढ दहा-पंधरा वर्षे खुंटली असावी, असे रॅले यांनी प्रस्तावनेत नमूद केले.

निबंधात चुका नव्हत्या असे नाही. वायूंच्या विशिष्ट उष्म्यांच्या गुणोत्तराच्या हिशेबात एक घसरण होती. एखाद्या परीक्षकाने ‘अमुक पानावरचा हिशेब पुन्हा करा’ एवढी ओळ लिहिली असती तर चूक सुधारली असती आणि माणूसही उभा राहिला असता. रॅले यांनी मात्र नवख्या लेखकांना सल्ला दिला की, आधी लहानसहान कामाने नाव मिळवावे आणि मग मोठ्या भराऱ्या माराव्यात. रॅले थोर होते. तरी हा सल्ला मला मानवत नाही. आधी ओळख दाखवा, मग न्याय मिळेल, असे म्हणणारे न्यायासन कामगाराला चांगले परिचयाचे आहे!

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी समजू नये. स्वीडनमधील दोन संशोधक स्त्रियांनी, क्रिस्टीन वेन्नेरोस आणि अग्नेस वोल्ड यांनी, तेथील वैद्यक संशोधन परिषदेकडे 1995 साली आलेल्या शिष्यवृत्तीच्या 114 अर्जांवरचे परीक्षकांचे गुण कायद्याच्या आधारे मिळविले. 1997 साली त्यांचा निष्कर्ष छापला गेला: पुरुषाइतके गुण मिळावयास स्त्रीने सुमारे अडीचपट काम दाखवावे लागे, आणि समितीतील कोणाशी संबंध असला तर त्याचाही फायदा होई. परीक्षक दुष्ट होते असे त्यांचे म्हणणे नव्हते. दप्तर उघडे झाले म्हणून दोष दिसला, एवढे ध्यानात ठेवावे.

कामगारांनी लढून एक तत्त्व मिळविले. 1946 साली स्थायी आदेशांचा कायदा झाला आणि आदर्श स्थायी आदेशांत लिहिले गेले की, आरोप लेखी कळविल्यावाचून आणि उत्तराची संधी दिल्यावाचून कामगाराला बडतर्फ करता येणार नाही. हीच रीत परीक्षकाने पाळावी असे माझे नम्र सांगणे आहे. शिक्षण-परिषदेला तर ती अधिकच लागू आहे. कारण तेथे विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या प्रस्तावाशेजारी एखाद्या आडगावच्या प्राथमिक शिक्षिकेचा प्रस्ताव येतो. वर्गातले मूल भागाकाराला का अडखळते हे तिने दहा वर्षे पाहिलेले असते. संशोधनाची परिभाषा मात्र तिच्या जिभेवर नसते.

तेव्हा परीक्षकाने प्रथम, हा प्रस्ताव काय विचारतो आहे, ते आपल्या शब्दांत दोन ओळींत लिहावे. ते लिहिता आले नाही तर आपण वाचलेले नाही असे समजावे. मग त्यात चांगले काय आहे ते सांगावे. प्रत्येक आक्षेपाला जागा दाखवावी आणि शक्य तेथे उपाय सांगावा: नमुना लहान आहे, तर किती शाळा घ्याव्यात, मोजमाप कच्चे आहे, तर कोणते वापरावे. भाषेचा दोष आणि विचाराचा दोष एका तराजूत टाकू नये. विषय आपल्या आवाक्याबाहेरचा असेल तर तसे कबूल करावे. प्रस्ताव आपल्या विद्यार्थ्याचा किंवा प्रतिस्पर्ध्याचा आहे असे कळले तर कागद परत करावा. स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होत नाही.

यावर कोणी म्हणेल, प्रस्ताव शेकडो, परीक्षक मूठभर, आणि तेही बिनपगारी. एवढे लिहावयाचे कोणी? कामाच्या वाढत्या बोज्याची तक्रार युनियनवाल्याइतकी कोणाला कळणार! पण बोजा वाढला तर परीक्षक वाढवावेत. कारणे कमी करू नयेत. आणि कारण द्यावयास पाने लागत नाहीत, पाच ओळी पुरतात. उलट, दयेपोटी कच्चा प्रस्ताव मंजूर करणे हाही अन्यायच. तेथे दुसऱ्या कोणाची तरी जागा जाते. नामंजूर करण्याचा परीक्षकाचा अधिकार मी काढून घेऊ इच्छीत नाही. ज्याचा प्रस्ताव नामंजूर झाला त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावयाचे ते कळले पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

वॉटर्स्टनला ते कधीच कळविले गेले नाही. निबंध नामंजूर झाला यापेक्षा हे नुकसान मोठे होते. नामंजूर झालेला माणूस सुधारतो, झगडतो, पुन्हा येतो; ज्याला कारणच मिळत नाही त्याची वाट तेथेच बंद होते. आपल्या परिषदेच्या दप्तरात असे किती कागद पडून आहेत ते कार्यकर्त्यांनी एकदा काढून पाहावे, आणि ज्यांच्यावर कारण लिहिलेले नाही ते परीक्षकांकडे पुन्हा पाठवावेत.