एका अंशाची रेघ

कंपासपेटीतल्या कोनमापकाची त्रिज्या साधारण पाच सेंटिमीटर असते. त्याच्या कडेवर शेजारशेजारच्या दोन अंशांच्या रेघांमध्ये एक मिलिमीटरही अंतर भरत नाही. पाचवी-सहावीतली मुलं त्या रेघा मोजत शाईचा ठिपका देतात, ६० वाचायचं की १२० यावरून गोंधळतात, आणि पुढच्या गणिताकडे वळतात. त्या रेघा तिथे आल्या कशा, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. वर्तुळ आखायची, कोन मापायची सगळी हकीकत मात्र त्या प्रश्नातच दडलेली आहे.

पट्टी आणि कंपास एवढ्याच भांडवलावर यातल्या काही रेघा अचूक काढता येतात. वर्तुळाची त्रिज्या त्याच वर्तुळावर जीवा म्हणून सहा वेळा तंतोतंत बसते, त्यामुळे ६० अंश आयताच मिळतो. तो दुभागला की ३०, पुन्हा दुभागला की १५. सुसम पंचकोन काढता आला तर ७२ हाती येतो. ७२ मधून ६० वजा केले की १२, त्याचे अर्धे ६, त्याचेही अर्धे ३. इथे वाट खुंटते. तीन अंशांचे तीन सारखे भाग पट्टी-कंपासने करता येत नाहीत. कोनाचं त्रिभाजन या साधनांनी सर्वसाधारणपणे अशक्य आहे, हे पिएर वांत्सेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली सिद्ध केलं. म्हणजे कोनमापकावरची दर तिसरी रेघ भूमितीने दिलेली आहे. मधल्या दोन रेघा माणसाने आकडेमोडीने आणि हातकौशल्याने मिळवलेल्या आहेत.

वर्तुळाचे ३६० भाग ही बॅबिलोनियाची देणगी. तिथल्या ज्योतिषांची मोजणी साठच्या पटीत चाले, आणि राशिचक्राच्या बारा राशींना त्यांनी प्रत्येकी तीस भाग दिले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिप्सिक्लीज या ग्रीक गणितज्ञाच्या लेखनात हे ३६० भाग दिसतात. वाटणीसाठी हा आकडा फार सोयीचा: दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा, सगळ्यांनी भाग जातो. वाटणी करणं सोपं, पण एकेक वाटा प्रत्यक्ष कापून काढणं अवघड.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा टॉलेमी नेमका इथेच अडला. ‘अल्माजेस्ट’ या खगोलग्रंथासाठी त्याला अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या अंतराने जीवांचं कोष्टक हवं होतं. दीड अंशाची जीवा त्याला काढता येत होती, पाऊण अंशाचीही. एक अंश या दोहोंच्या मध्ये. मग त्याने दोन्ही बाजूंनी मर्यादा आवळत आणल्या आणि ६० त्रिज्येच्या वर्तुळात एका अंशाची जीवा सुमारे १.०४७२ ठरवली. आजच्या हिशोबाने ती चार दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे. चुकीला कुठे जागा आहे आणि ती किती, हे आधी ठरवून मग आकडा स्वीकारण्याची ही शिस्त अतिशय सुंदर आहे.

आर्यभटाने ४९९ च्या सुमारास वेगळा रस्ता धरला. त्याचं ज्यांचं (आजच्या भाषेत साइनचं) कोष्टक २२५ कलांच्या, म्हणजे पावणेचार अंशांच्या टप्प्यांनी जातं. तीस अंश लागोपाठ तीनदा दुभागले की हाच टप्पा येतो. त्यामुळे एका अंशाची अडचण त्याच्या वाटेत आलीच नाही.

ती अडचण अंगावर घेतली भास्कराचार्यांनी. ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० सालचा. त्यातल्या ज्योत्पत्ती या प्रकरणात ते एकेका अंशाने पुढे सरकायची रीत सांगतात: हातातल्या ज्येतून तिचाच ६५६९ वा भाग वजा करायचा, आणि कोटिज्येला (कोसाइनला) दहाने गुणून ५७३ ने भागून त्यात मिळवायचं. ३० अंशांवरून ३१ वर जाऊन पाहावं. त्रिज्या एक धरली तर ज्या ०.५ आणि कोटिज्या ०.८६६०२५. या रीतीने उत्तर ०.५१५०३८ येतं, आणि आजचं कोष्टकही सहा स्थळांपर्यंत तेच सांगतं.

याच ग्रंथाच्या यंत्राध्यायात कोनमापकाचा थोरला भाऊ भेटतो. कडेवर ३६० अंश आखलेलं, साखळीने टांगलेलं चक्र. मधल्या छिद्रात सळई, आणि तिची सावली कडेवर कुठे पडते त्यावरून सूर्याची उंची वाचायची. या चक्राचा अर्धा भाग म्हणजे चाप, पाव भाग म्हणजे तुरीय. चाप पाहिला की शाळेतला कोनमापकच आठवतो. फरक इतकाच की तो आकाशाकडे रोखलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो.

कोनमापक आकाशावरून कागदावर उतरला तो नकाशांमुळे. थॉमस ब्लंडेव्हिल या इंग्रज लेखकाने १५८९ साली नकाशांवरच्या पुस्तिकेत अशा साधनाचं वर्णन केलं. पण जहाजाला आणि वेधशाळेला कागदी अचूकता पुरत नव्हती. १७२५ मध्ये जॉर्ज ग्रॅहम यांनी ग्रिनिचच्या वेधशाळेसाठी आठ फूट त्रिज्येचं पाव वर्तुळ आखलं, तेव्हा त्यावर दोन पट्ट्या ठेवल्या: एक ९० भागांची, दुसरी ९६ भागांची. ९६ का? ६० अंशांचा कंस नुसता दुभागत गेलं की ६४ भाग होतात, उरलेल्या ३० अंशांचे ३२. कुठेही तिनाने किंवा पाचाने भागायची गरज नाही. अवघड पट्टी सोप्या पट्टीवरून तपासता यावी म्हणून केलेली ही सोय होती.

हाताने आखायचं हे काम जेसी रॅम्सडेन यांनी यंत्राकडे सोपवलं. त्यांच्या विभाजनयंत्राचं वर्णन १७७७ मध्ये छापलं गेलं. ४५ इंच व्यासाच्या चाकाच्या कडेला २१६० दाते, त्यांत बसलेला एक स्क्रू. स्क्रूचे सहा फेरे झाले की चाक बरोबर एक अंश सरके. टॉलेमीने आणि भास्कराचार्यांनी आकड्यांत पकडलेला अंश आता पायाने पट्टी दाबली की धातूत उमटू लागला.

रॅम्सडेन यांचे शिष्य विल्यम कॅरी. त्यांनी बनवलेलं, ३६ इंची वर्तुळाचं आणि सुमारे अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट हे कोन मोजायचं यंत्र घेऊन विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासेपासून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. एवढ्या वर्तुळावरही एक अंश म्हणजे जेमतेम आठ मिलिमीटर. लॅम्बटन त्यात विकलांपर्यंत उतरत असत. १८०८ साली तंजावरच्या देवळावर ते यंत्र चढवताना दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळलं, वर्तुळ वेडंवाकडं झालं. लॅम्बटन ते घेऊन तंबूत बसले. लाकडी फळीवर मूळ मापाचं वर्तुळ काढलं, पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून धातूची कड हळूहळू त्यावर ताणत आणली, वाकलेले आरे लहान लाकडी हातोड्यांनी ठोकून सरळ केले. सहा आठवड्यांत यंत्र जवळपास पूर्ववत झालं आणि मोजणी पुढे चालू झाली.

लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले, मोजणीच्या कामावर असतानाच. काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आलं. यंत्रांच्या दुरुस्तीसाठी त्यांनी इंग्लंडहून हेन्री बॅरो यांना आणलं, आणि बॅरो गेल्यावर ती जबाबदारी सोपवली अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्यावर. भारताच्या सर्वेक्षणाची यंत्रं त्यानंतर त्यांच्या हाताखाली राहिली.