तक्रार केलेल्या कर्मचाऱ्याची शिक्षा न्यायालयात रद्द झाली, तर काय समजावे?

पेन्शन, शिष्यवृत्ती किंवा घरकुलाच्या हप्त्यासाठी पैसे मागणाऱ्या कर्मचाऱ्याविरुद्ध आपण तक्रार केली. विभागीय चौकशीनंतर त्याला शिक्षा झाली. पुढे तो न्यायालयात गेला आणि शिक्षा रद्द झाली. अशा वेळी आपली तक्रार खोटी ठरली, असे लगेच समजू नका. शिक्षा का रद्द झाली, हे आधी पाहा.

चौकशी कोणत्या नियमांनुसार होते?
केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आणि १९६५ चे वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियम आहेत. राज्य कर्मचाऱ्यांसाठी त्या त्या राज्याचे नियम लागू असतात. संविधानाच्या अनुच्छेद ३११ नुसार, काही अपवाद वगळता, आरोप कळवून व बाजू मांडण्याची संधी देऊनच बडतर्फ करता येते.

कर्मचारी कोठे दाद मागतो?
केंद्रीय कर्मचारी सहसा केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातो. त्याच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले.

न्यायालय काय तपासते?
न्यायालय संपूर्ण चौकशी नव्याने करत नाही. बी. सी. चतुर्वेदी प्रकरणात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. न्यायालय मुख्यतः पुढील बाबी पाहते:
• कारवाई सक्षम अधिकाऱ्याने केली का?
• कर्मचाऱ्याला बाजू मांडण्याची संधी मिळाली का?
• निष्कर्षाला काही पुरावा आहे का?
• शिक्षा दोषाच्या मानाने धक्कादायक वाटावी इतकी कठोर आहे का?

चौकशी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला देणे आवश्यक आहे, असे १९९३ मध्ये ठरले. प्रत न मिळाल्याने त्याचे नुकसान झाले असेल, तर शिक्षा रद्द होऊ शकते. मात्र त्याच टप्प्यापासून चौकशी पुन्हा सुरू करता येते. म्हणजे कारवाई तेथेच संपते असे नाही.

आपण काय करावे?
• चौकशीत साक्षीसाठी बोलावल्यास अवश्य जा. केवळ लेखी तक्रार फाइलमध्ये असणे पुरेसे ठरत नाही; साक्षीदार न आल्याने अनेकदा आरोप टिकत नाही.
• तारीख, ठिकाण, मागितलेली रक्कम लिहून ठेवा. तक्रारीची पोच जपून ठेवा.
• लाच देण्यास भाग पाडले गेले असल्यास सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवा. कायद्याने दिलेले संरक्षण या मुदतीवर अवलंबून आहे.
• चौकशी पुन्हा सुरू झाल्यास पुन्हा साक्ष देण्याची तयारी ठेवा.

माझा लाभ थांबेल का?
कर्मचाऱ्यावरील कारवाई आणि आपली पात्रता या वेगळ्या बाबी आहेत. पात्रता योजनेच्या नियमांवरच ठरते. लाभ अडवल्यास लेखी कारण मागा. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० या क्रमांकावर संपर्क साधा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते.