जी. एम. पिकांचा वाद भातखाचराच्या बांधावर
पेण, खास प्रतिनिधी

जनुकसंस्कारित, अर्थात जी. एम., पिकांचा वाद म्हटला की विदर्भ-मराठवाड्यातील कापूस डोळ्यांसमोर येतो. पेण-रोह्यात कापूस पिकत नाही. त्यामुळे हा वाद येथे आजवर दूरचाच वाटत आला. खाऱ्या जमिनीत तग धरू शकेल अशा भाताच्या नव्या वाणामुळे मात्र तो आता रायगडच्या खाचरांपर्यंत येऊन पोहोचला आहे.

वादाची पार्श्वभूमी

बीटी कापसात जमिनीतील एका जिवाणूचे जनुक घातलेले असते. त्यामुळे बोंडअळीला मारक प्रथिन झाडातच तयार होते. जालन्याच्या 'महिको' कंपनीच्या बीटी कापसाला मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी त्याला दाद देईनाशी झाली आणि 2017 मध्ये तिने राज्यातील कापसाचे मोठे नुकसान केले. याच कंपनीच्या बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये संमती दिली. परंतु तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेऊन फेब्रुवारी 2010 मध्ये त्यास स्थगिती दिली. उलट, जून 2019 मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे विनापरवाना वाणाची जाहीर लागवड करून तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य मागितले. या प्रश्नावर शेतकऱ्यांतही दोन तट आहेत.

खारभूमीचे दुखणे

धरमतर आणि कुंडलिका खाड्यांलगतची शेती खारबंदिस्तीच्या भरवशावर उभी आहे. उधाणाने बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढील हंगामांतही जमिनीत क्षार राहतात. अशा जमिनीसाठी काळा रता, भुरा रता यांसारखे वाण कोकणात पूर्वापार आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पारंपरिक संकरातून पनवेल-1, 2 आणि 3 हे वाण दिले.

मे 2025 मध्ये केंद्राने जनुक संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांपैकी 'पुसा डीएसटी राईस 1' हा क्षार व दुष्काळ सहन करणारा असल्याचा दावा आहे. यात बाहेरचे जनुक घातलेले नाही. भाताच्याच एका जनुकात फेरफार करण्यात आला आहे. मार्च 2022 च्या आदेशाने अशा पिकांना जी. एम. पिकांच्या कडक नियमांतून सूट मिळाली आहे.

आक्षेप कोणते?

खरी मतभिन्नता या सवलतीवर आहे. बाहेरचे जनुक नसल्याने धोका कमी, असे शास्त्रज्ञ म्हणतात. फेरफाराचे अनपेक्षित परिणाम तपासले जावेत, चाचण्यांची आकडेवारी खुली व्हावी आणि तंत्रज्ञानाच्या पेटंटचा भार बियाण्यावर पडू नये, असे विरोधकांचे म्हणणे आहे. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क दिला आहे. घरचे बियाणे राखणाऱ्या भातशेतकऱ्यासाठी हा हक्क मोलाचा आहे.

ग्राहकाचे काय?

देशात व्यापारी लागवडीस परवानगी असलेले जी. एम. पीक आजही कापूस हेच आहे. तरीही सरकीच्या आणि आयात सोयाबीनच्या तेलावाटे अशा पिकांचा अंश शहरी स्वयंपाकघरात पोहोचलेला आहे. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने कोंबडीखाद्यासाठी 12 लाख टन जी. एम. सोयापेंड आयातीस मुभा दिली, तेव्हा ठरवून दिलेल्या मार्गांत रायगडमधीलच न्हावा शेवा बंदर होते. आपण खातो ते कोणत्या बियाण्यापासून आले, हे जाणण्याचा ग्राहकाचा हक्क म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

नवे वाण स्वीकारायचे की नाही, हे दिल्लीतील दाव्यांवर ठरू नये. पनवेलच्या केंद्रात आणि पेण-रोह्याच्या खारभूमीत, पनवेल-3 आणि रता यांच्या शेजारी ते लावून पाहावे आणि निष्कर्ष मराठीत शेतकऱ्यांपुढे ठेवावेत. आणखी एक गोष्ट विसरता येणार नाही. क्षार सोसणारे भातही समुद्राच्या पाण्याखाली दिवसेंदिवस उभे राहू शकत नाही. खांडी वेळेवर बुजवल्या गेल्या नाहीत, तर कोणतेही बियाणे या शेतकऱ्याला वाचवू शकणार नाही.