भट्टी थांबवायची कधी? संगणक अद्ययावत करण्याचा एक छोटा इतिहास

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे धगधगत ठेवावी लागते. आतील विटांचे अस्तर झिजते, पण मनात आले म्हणून ती विझवता येत नाही. दुरुस्तीची तारीख आधी ठरते, सुटे भाग जमवले जातात, मगच काम थांबते. पोलादाच्या धंद्यातील हे जुने शहाणपण कार्यालयीन संगणकांच्या जगाला मात्र उशिरा, आणि बरेच नुकसान सोसून आले.

२५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ हा संगणकीय कृमी जगभर पसरला. ज्या छिद्रातून तो शिरला, त्यावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने २००२च्या जुलैमध्येच दिले होते. अनेकांनी ते लावलेच नव्हते. यामागे निव्वळ आळस होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ठिगळे कोणत्याही दिवशी येत, आणि त्यांनी हिशेबाची जुनी प्रणाली बंद पडली तर दोष संगणक विभागाच्याच माथी येई. ऑक्टोबर २००३पासून मायक्रोसॉफ्टने महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून दिला. भारतात तोवर रात्र झालेली असते, त्यामुळे आपल्या कार्यालयांना त्याचे दर्शन बुधवारी सकाळी होते.

तारीख ठरली, पण ‘लगेच लावावे की थांबावे’ हा प्रश्न उरलाच. २०१७ साली त्याचे गांभीर्य कळले. विंडोजमधील एका गंभीर दोषावरचे ठिगळ १४ मार्चला आले. १२ मेला ‘वॉनाक्राय’ने त्याच दोषाचा फायदा घेतला. त्याचे बहुतेक बळी कालबाह्य एक्सपीचे नव्हते, तर ज्याला ठिगळ उपलब्ध होते त्या विंडोज ७चे होते. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल ठप्प झाले. ते चालवणारी कंपनी मर्स्क या डॅनिश समूहाची होती. समूहाला पुढील दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले.

नॉटपेट्याची खरी गोम अशी की तो मुळात युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला होता. शिवाय तो संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड चोरत असे, म्हणून ठिगळ लावलेला संगणकही शेजाऱ्यामुळे बाधित होई. म्हणजे वेळेवर अपडेट करणे आवश्यक होते, पण पुरेसे नव्हते.

यातून आपल्याकडे निघालेला सर्वांत समंजस आदेश माझ्या मते रिझर्व्ह बँकेचा. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता, तरी असंख्य एटीएम त्यावरच चालत होती. २१ जून २०१८च्या परिपत्रकाने बँकांना टप्पे आखून दिले : सप्टेंबर २०१८पर्यंत किमान २५ टक्के यंत्रे, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९पर्यंत ७५ आणि जूनपर्यंत सर्व. एका रात्रीत सगळे बदला, असे त्यात कोठेही नव्हते.

नेमकी हीच पायरी १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकने गाळली. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाइल एकाच वेळी जगभर पाठवली गेली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली, पण तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले होते. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. काही ग्राहकांनी मुद्दाम एक आवृत्ती मागे राहण्याचे धोरण निवडले होते. ते धोरण मूळ प्रोग्रामला लागू होते, रोज येणाऱ्या या छोट्या फाइलींना नव्हे. म्हणून तेही वाचले नाहीत.

आज बहुतेक मोठ्या संस्था वर्तुळांची पद्धत वापरतात. अपडेट प्रथम संगणक विभागाच्या मोजक्या यंत्रांवर चढवायचे, काही दिवसांनी प्रत्येक खात्यातील निवडक यंत्रांवर, नंतर उरलेल्यांवर; आणि प्रत्येक टप्प्यावर मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवायची. सुरक्षेची ठिगळे दिवसांच्या हिशेबाने लावायची, नवी वैशिष्ट्ये महिन्यांच्या. भट्टीवर किंवा रोलिंग मिलवर नजर ठेवणारे संगणक या वर्तुळांच्याही बाहेर ठेवणे योग्य : कार्यालयीन जाळ्यापासून वेगळे, आणि त्यांचे अपडेट यंत्राच्या नियोजित दुरुस्तीच्याच दिवशी.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चाही सर्वसाधारण आधार संपला. पैसे भरून मुदतवाढ घेणाऱ्या कंपन्यांना तीन वर्षांपर्यंत ठिगळे मिळतील, मात्र दर वर्षी दुप्पट होणाऱ्या दराने.