द्रवनत्र पात्राची मान

आज आपण एका नळीचा इतिहास पाहणार आहोत. यवतमाळ जिल्ह्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात अॅल्युमिनियमचं एक पात्र असतं. त्यात द्रवनत्र, म्हणजे उणे 196 अंशांवरचा नायट्रोजन, आणि त्यात बुडवलेल्या गोठित रेतमात्रा. झाकण काढल्यावर दिसते ती पात्राची मान. मे महिन्यात बाहेर 45 अंश असतात. म्हणजे या वीतभर नळीच्या दोन टोकांत 240 अंशांचा फरक! शिवाय आतलं भरलेलं भांडं बहुतेक वेळा याच मानेला लटकतं.

दुहेरी भिंत आणि मधे निर्वात, ही युक्ती जेम्स देवार यांची, 1892 सालची. 1949 मध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉल वापरून शुक्राणू गोठवूनही जिवंत ठेवता येतात हे दाखवलं. आधी ते कोरड्या बर्फात, उणे 79 ला ठेवत. पुढे द्रवनत्र आलं आणि मानेचा प्रश्न निघाला. धातूची मान उष्णता आत नेते, साधं प्लास्टिक थंडीत तडकतं. उत्तर मिळालं काचेचे धागे इपॉक्सीत बसवलेल्या नळीत. पोलादाच्या तुलनेत ती साधारण विसावा हिस्साच उष्णता वाहते.

आणि गंमत बघा, थंडीत तिची ताकद वाढते. उबदार हवेतला ओलावा ताणाखालच्या काचेच्या बारीक भेगा वाढवत राहतो. उणे 196 ला ते थांबतं. कच्चा दुवा वेगळाच आहे. राळ काचेपेक्षा जास्त आकसते, तिला सूक्ष्म तडे जातात. धातूशी जिथे नळी चिकटवलेली असते, तो सांधाही धक्क्याने सुटतो. मग निर्वात जातं.

आपल्याकडे मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला बायफ सुरू केली आणि संकरित गाय गावोगाव गेली. पात्रं नाशिकच्या अंबडमध्ये बनतात. तो कारखाना पूर्वी आयबीपीचा, 2007 पासून इंडियन ऑईलचा. त्याआधी वर्षभर, जुलै 2006 मध्ये, विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधान पॅकेज आलं. यवतमाळ त्यात होतं, आणि दुधाळ जनावरांची योजनाही.

कापूस बुडालेल्या घरात ही गाय म्हणजे रोजचा पैसा. मान गळली, नत्र उडालं, तर रेतमात्रा मेलेली असते आणि ती दिसायला तशीच दिसते. शेतकऱ्याला कळतं 21 दिवसांनी, गाय पुन्हा माजावर आल्यावर. म्हणून आम्ही सांगतो, पात्र मोटारसायकलवरून नेताना उभंच बांधा, आणि गळ्याशी बाहेरून बर्फ धरलेलं दिसलं तर त्याच दिवशी रेतमात्रा दुसऱ्या पात्रात हलवा.